फर्मीनच्या दुसऱ्या हातात काय होतं

प्रिय लेआंद्रो,

शाळेच्या पत्र्यावर गारा ताडताड वाजताहेत आणि त्यावर आवाज चढवून आपण चाळीस पोरं कविता म्हणतोय, दहा जणांना एकट्याने अडवणाऱ्या स्वाराची. साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज परवा कोर्टात माझ्या कानांत घुमला. शेवटचं कडवं तू नेहमी विसरायचास, छाती मात्र त्या स्वारासारखी काढायचास. परवाही तशीच काढली होतीस.

काय तो थाट! तुझा वकील स्वसंरक्षणाच्या अटी बोटांवर मोजत होता: हल्ला समोरच्याने केलेला हवा, जीव वाचवायला दुसरी वाट नको, आणि कळ आपण काढलेली नको. इतका नेटका कायदा, आणि त्याच्याआड लपायला तू!

मग त्याने मला विचारलं, मेला तेव्हा फर्मीनच्या हातात सुरी होती का? मी म्हणालो, होती. होतीच. शहरातून आलेल्या त्या न्यायाधीशबाईंना काय ठाऊक, की आपल्याकडे निखाऱ्यांभोवती उभ्याने मांस खाताना ज्याची त्याची सुरी ज्याच्या त्याच्या हातात असते? तुझ्या होती, माझ्या होती, पाद्रीबाबांच्याही होती. तुझा घोडा शर्यतीत मागे पडला म्हणून फर्मीन एवढंच म्हणाला होता, "डॉन लेआंद्रो, घोडा शर्यतीला आणला होतात की चरायला?" सगळे हसले. तूसुद्धा हसलास. मग त्याने डाव्या हातातली भाजलेली बरगडी दातांत धरली आणि ओठांपाशी सुरी नेऊन तो तुकडा कापू लागला. तेव्हा तू सुरी घेऊन पुढे झालास. दातांत घास धरून कोण कुणाच्या जिवावर उठतो रे?

दुसऱ्या हाताचं मला कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. बाहेर पायऱ्यांवर तू माझा हात दाबलास, "खोटं थोडंच बोललास? विचारलं तेवढंच सांगितलंस." तुझी किळस आली. हात माझाच होता, म्हणून माझीही.

गुरुवारी निकाल आहे. उद्या सकाळच्या बसने जाऊन मी सरकारी वकिलाला बरगडीचं सांगणार आहे. तुला आधी कळवतोय ते दया येऊन नव्हे. बेसावध माणसावर वार करणारा आपल्या दोघांत एकच पुरे.

तुझाच म्हणवत नाही, पण या वयात दुसऱ्या कुणाचा होऊ?
अनाक्लेतो

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दारात तुझी ओतिलिया. वाटलं, बापासाठी गयावया करायला आली. ती उंबऱ्यावरूनच म्हणाली, "काका, ती बरगडी मीच त्याला वाढली होती. उद्या कोर्टात सांगायला जातेय. एकटीला धीर होत नाही. तुम्ही याल?"