मिठागराच्या थांब्यावरून पुढे

सफाक्स, गुरुवार

आदरणीय खमैसदाजींना धाकट्या मेहुण्याचा, लझहरचा, अदबीचा सलाम. तुमचा डावा गुडघा, सालहाताईचा रक्तदाब आणि अंगणातलं डाळिंब, तिघांचीही प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. (डाळिंबाची खबर ताई देते, गुडघ्याची तुम्ही, रक्तदाबाबद्दल मात्र दोघंही एकमेकांकडे बोट दाखवता.) इकडे सगळं क्षेम.

निकालाची बातमी कानावर आली असेलच. बसमध्ये कामगार संघटनेची पत्रकं वाटली म्हणून मला, म्हणजे कंडक्टरला, काढून टाकणं बेकायदा होतं, सबब त्याला त्याच कामावर परत घ्यावं. एवढं ठरायला चौदा वर्षं आणि पाच न्यायाधीश लागले. पहिल्यांच्या वेळी माझे केस काळे होते, पाचव्यांच्या वेळी केस हा विषयच उरला नव्हता. तारखांना बसून बसून भूक लागायची, म्हणून मी कोर्टाच्या फाटकाशीच कढई मांडली आणि बंबालूनीच्या कड्या तळून, साखरेत घोळवून विकू लागलो. आज तिथं माझं दुकान आहे, वर पंखा आहे. निकालाच्या दिवशी कोर्टाचा कारकून खरोखर हिरमुसला. म्हणाला, "लझहरभाऊ, अपील तरी करा ना." मी म्हटलं, "अरे बाबा, मी जिंकलोय."

आता पुढची गंमत. कंपनीत कंडक्टर ही जातच शिल्लक नाही. तिकीट यंत्र देतं, थांब्यांची नावं छतातून एक बाई सांगते. पण हुकूम तो हुकूम. साहेबांनी कुठूनशी एक टोपी पैदा केली (माझ्या डोक्याला दोन बोटं अपुरी), जुनं तिकीटबुक शोधलं आणि मला यंत्राशेजारी उभं केलं. छतातली बाई तोंड उघडायच्या आत मी थांबा पुकारतो. परवा एक म्हातारी म्हणाली, "तूच सांगत जा रे. ती मेली कधी कशी आहेस म्हणून विचारत नाही."

तर मी मजेत आहे. सकाळी बस, दुपारनंतर दुकान. एकच खोड लागली आहे. मिठागराचा थांबा आला की मी खाली उतरतो आणि तिथून शेवटच्या थांब्यापर्यंत चालत जातो. ड्रायव्हरला व्यायाम म्हणून सांगितलंय.

तपासनिसानं भरल्या बसमध्ये माझी टोपी काढून घेऊन मला उतरवलं, ते तिथंच. बस पुढे गेली, स्टिअरिंगवर तुम्ही होतात. कोर्टात तुम्ही सांगितलंत, "माझी नजर रस्त्यावर होती, मला काही दिसलं नाही." ड्रायव्हरची नजर रस्त्यावरच हवी, शिवाय तुमच्या घरात तीन लेकरं होती. त्यानंतरच्या चौदाही ईदला आपण एकाच परातीत कुसकुस जेवलो आणि डाळिंबावर बोललो. पण दाजी, वळणापर्यंत तुम्ही बाजूच्या आरशात बघत होतात. मला दिसत होतं. मी रडत नव्हतो हो. टोपी नव्हती, ऊन डोळ्यांत जात होतं.

ताईला सलाम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
लझहर

ता. क. तुमची नोकरीतली टोपी ताईनं जपून ठेवली असेल, तर ती मला हवी आहे. आपल्या दोघांची डोकी सारखीच मोठी. पोस्टानं पाठवू नका, चेपते. स्वतः घेऊन या.

ता. क. आणखी एक. सोबत तिकीट जोडलं आहे: मिठागर ते समुद्र, रविवार, दहाची बस. त्या दिवशी मी मिठागराला उतरणार नाही, तुम्ही चढायचं. गुडघ्याची सबब ऐकणार नाही, वर घ्यायला मी दारातच उभा असेन. जागा राखून ठेवली आहे, खिडकीपाशी. आरसा दिसणार नाही अशी.