उजव्या बाजूचं पॅनेल

चौदा महिन्यांत तुझा एकही फोन माझ्यासाठी आला नाही. बहिणीला, भिंगरीला, फोन करतोस, तिच्या मनगटाची चौकशी करतोस आणि ठेवता ठेवता विचारतोस, आजी बरी आहे ना. मी काय घरातलं कपाट आहे, माझी तब्येत दुसऱ्याला विचारायला? मला ऐकू येतं अजून. बोलताही येतं, हे तर तुला चांगलंच माहीत आहे.

प्रिय घुम्या,

तिसरी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. बातमी अशी की तुझ्या बापानं तुझी मोटारसायकल विकायला काढली आहे. गिऱ्हाईक चार वाजता बघायला येणार. आत्ता तीन वाजायला आलेत, आणि गाडी पुढच्या खोलीत अर्धी उघडी उभी आहे.

भिंगरीला मागं बसवून तू पडलास तेव्हा उजव्या बाजूचं ते प्लास्टिकचं पॅनेल तडकलं होतं. गाडी त्या दिवशी मागच्या पडवीत गेली ती जुनी चादर पांघरून तिथंच. आता विकायची म्हटल्यावर तुझ्या बापानं नवीन पॅनेल आणलं. गॅरेजवाला आठवडा लावतो, म्हणून घरीच बसवू म्हणाला. तुझा बाप शाळेत भूगोल शिकवतो. जगातली कुठलीही नदी नकाशावर दाखवील, पण दोन मिनिटांपूर्वी काढलेला स्क्रू कुठला ते त्याला सांगता येत नाही. म्हणून मी खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर खडूनं पॅनेलचा आकार काढला आणि निघेल तो स्क्रू ज्या त्या जागी टोचत गेले. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि उसवले. तुकडा कुठून काढला हे लिहून ठेवलं नाही तर बाही गळ्याला लागते.

भिंगरी बॅटरी धरून उभी होती. डाव्या हातात. उजव्या मनगटाला अजून पाण्याची बादली पेलत नाही, हे ती तुला फोनवर सांगत नसेल, म्हणून मी सांगते. पॅनेलला आतून एक जीभ असते, ती खाचेत बसलेली असते. मागे सरकवून मग उचलायचं, तर हा भूगोलवाला सरळ ओढायला लागला. मी म्हटलं, अरे सोड, दात उपटतोस का. भिंगरी हसली. तुझा बापही हसला. बऱ्याच दिवसांनी तिघं एका कामाला लागलो होतो, म्हणून मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

सगळे स्क्रू निघाले, एकच राहिला, हँडलजवळचा. स्क्रूड्रायव्हर आत जाईना, म्हणून मी हँडल उजवीकडे ढकललं. अर्ध्याच्या थोडं पुढं गेलं आणि खट्ट करून थांबलं. पुन्हा ढकललं. पुन्हा तिथंच. भिंगरीनं वाकून आत उजेड पाडला. बाकीचे स्क्रू नखाएवढे, हा बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याचं टोक आतून बाहेर आलेलं, घासून चकचकीत झालेलं, आणि हँडल वळलं की समोरच्या काळ्या दांड्यावर बरोबर रुतत होतं. दांड्यावर तिथंच एक खोल चरा. तो आजचा नव्हता, त्यात धूळ बसली होती.

दवाखान्याच्या बाकावर तू बसला होतास. शर्टाला भिंगरीच्या हनुवटीचं रक्त होतं आणि तू एकच सांगत होतास, हँडल अडकलं, बाबा, वळताना हँडल अडकलं. तुझा बाप चार लोकांसमोर म्हणाला, गाडी तुझ्या हातात होती, हँडलला कशाला बोल लावतोस. पुढं तू काही बोललाच नाहीस. आठव्या दिवशी बॅग भरून गेलास. जाताना माझ्या पाया पडलास तेव्हासुद्धा गप्प.

आज तुझ्या बापानं तो स्क्रू काढला आणि पुठ्ठ्याला टोचण्याऐवजी शर्टाच्या खिशात टाकला. भिंगरीनं विचारलं, बाबा, काय होतं ते? तर म्हणे, काही नाही गं, जुना स्क्रू, चल, गिऱ्हाईक यायचं आहे, नवीन बसवून टाकू. मी नवीन पॅनेल उचललं, माझ्या खोलीत नेलं आणि पलंगाखाली सरकवलं. परत आले आणि त्याच्यापुढं हात पसरला. मी म्हटलं, तो खिसा मी शिवलाय, त्यात काय आहे ते मला माहीत आहे, आण इकडं. किती वेळ उभी होते कोण जाणे, पायाला मुंग्या आल्या. शेवटी दिला त्यानं. भिंगरी तोवर सगळं समजली होती. ती स्वतःच्या मनगटाकडं बघत होती, आणि मग माझ्याकडं. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. म्हणून हे पत्र.

तुम्ही पडलात त्याच्या दोन दिवस आधी तू गावाला गेला होतास. तुझ्या बापाला हौस आली, त्यानं गुपचूप तुझी गाडी काढली, एक फेरी मारली आणि येताना फाटकाला घासली. पॅनेल सुटलं. तू यायच्या आत घरीच बसवायला बसला, तर एक स्क्रू हरवला. माझ्याकडे आला, आई, एखादा असेल का गं? मी बटणांच्या डब्यातून काढून दिला, जुन्या शिवणयंत्राच्या टेबलाचा होता. तो म्हणाला, लांब आहे. मी म्हटलं, लांब असला म्हणून काय बिघडतं, उलट घट्ट बसेल. ते वाक्य माझं, घुम्या. आणि दवाखान्यात तू हँडल म्हणालास तेव्हा माझ्या मनात तो डबा एकदा खडखडला होता. मी तुझ्या बापाकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. दोघांनीही माना फिरवल्या. पडवीत जाऊन चादर उचलायला पाच मिनिटं लागली असती. आम्ही चौदा महिने लावले. तुझी काही चूक नव्हती. स्क्रू पाकिटात घातलाय, तुझ्याजवळ ठेव. तुझा बाप माझ्यासमोर टेबलाशी बसलाय, अर्धा तास झाला, त्याच्या कागदावर नुसतं 'प्रिय' लिहिलेलं आहे. आत्ता दार वाजलं, गिऱ्हाईकच असणार. कुणी उठलेलं नाही, आणि पॅनेल पलंगाखालून निघणार नाही. त्याचं पत्र येईपर्यंत तू फोन करायचा नाहीस, मला नाही आणि भिंगरीलाही नाही, तुझा जीव कितीही पाघळला तरी. याचं उत्तर आधी तुझ्या बापानं द्यायचं, सगळं, स्वतःच्या हातानं लिहून.

तुझीच,
डब्याची मालकीण