आईचं दुसरं कडं

३ सप्टेंबर
आईच्या कड्याला जोड करायला दिली होती; बेर्दिबाय सोनाराने कडं परत केलं — काम न करताच! म्हणे, "मेंढ्याच्या शिंगांची नक्षी यावर अर्धीच आहे. उरलेली जोडीच्या कड्यावर. ती काय मी मनाने रचू? ते घेऊन या."

घेऊन या म्हणे! ते थोरल्या बहिणीकडे, ओरिन्शाआपाकडे. आई गेली तेव्हा एक मी घेतलं, दुसरं तिने. तिच्याकडचं माझ्या लेकीला, अकबोबेकला दे म्हटलं, तर ढिम्म. नऊ वर्षं तिचं तोंड पाहिलेलं नाही. अठ्ठावीसला अकबोबेकचं लग्न. सासरच्या बायका आधी मनगटंच बघणार.

५ सप्टेंबर
गेले नाही. उंटिणीचं दूध काढलं, लोकर पिंजली. कामं काय कमी आहेत!

८ सप्टेंबर
फोन केला. "आपा, दोन दिवसांपुरतं दे. नमुना उतरवून परत आणते."

"माझ्याकडे नाहीये." ठेवला फोन.

खोटारडी! गिळून बसलीय.

११ सप्टेंबर
अकबोबेक म्हणाली, "आई, तूच जा. नाहीतर मी मोकळ्या हातांनी सासरी जाईन." पोरगी माझ्यावरच गेलीय. गेले.

आपाने काठोकाठ चहा ओतला. म्हणजे पी आणि चालती हो! बसवून घ्यायचं असतं तर पियाला अर्धाच भरला असता.

तिचं मनगट मोकळं. मी म्हटलं, "कुठे लपवलंस?"

"बाल्झियाकडे आहे. आईला शेवटची आंघोळ जिने घातली, तिच्याकडे." मग हळूच, "तिला गेलेल्या बाईच्या अंगावरचं काही द्यावं लागतं, ठाऊक नाही तुला? तुझं कडं तू आधीच काढून पिशवीत टाकलं होतंस. तिला काय रिकाम्या हाती पाठवायचं होतं?"

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कुठे? मागितलंस."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा एका घोटात संपवला, जीभ पोळली.

१३ सप्टेंबर
बाल्झियाने कडं हातातून काढून दिलं, चार दिवसांच्या बोलीने. सोनाराला म्हटलं, एक नको, दोन्ही नवी करा. "अहो, एक तर आहे की तुमच्याकडे!"

असू दे.

२६ सप्टेंबर
नवी जोडी अकबोबेकच्या हातात. चांदीचे रवे अजून बोटाला टोचतात. पोरीने मनगटं जवळ आणली — शिंगं बरोब्बर जुळली! बाल्झियाचं तिला कधीच पोचतं केलं.

२७ सप्टेंबर
माझ्याकडचं आईचं कडं आपाच्या मनगटात घालून आले. तिने चहा ओतला — अर्धा पियाला.