लिम्नोसच्या वाळूत

३ मे, लिम्नोस
पोचलो. हे तर पायातले बूट न काढताच आडवे झालेत. टेकड्या उद्या. आज माझ्याच्याने होणार नाही.

४ मे
वाळू. नुसती वाळू! समुद्रापासून आतपर्यंत टेकड्याच टेकड्या. चढावं तर पाय मागे घसरतो. धम्मदीपने गेल्या ऑक्टोबरात या टेकड्यांचेच फोटो पाठवले होते. "आई, ग्रीसमध्ये वाळवंट आहे, बघ." सुट्टी काढून एकटाच आला होता. त्यानंतर फोन नाही. खाली पाण्याजवळ बूट आणि सॅक सापडली. पोलिसांनी लिहून टाकलं — स्वतःहून समुद्रात गेला असावा.
सव्वीस वर्षांचा माझा मुलगा. स्वतःहून.
हे खूप वेळ वाळूत बसून राहिले. मग म्हणाले, "राधा, घरी जाऊन त्याच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी करू. जाऊ दे आता त्याला."
"कुठे जाऊ दे?"
दोघांच्याही डोळ्यांत पाणी. वारा होता, तेवढी सोय झाली.

५ मे
पुन्हा गेले. हे आले नाहीत. लॉजवाली बाई सोबत आली. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची. कोपराला धरून चालली. वर पोचल्यावर मी त्याला हाक मारली. एकदाच. वाऱ्याने आवाज पुढे जाऊच दिला नाही.

१२ मे, कोथरूड
जिन्यात शालूताई भेटल्या. "एकटाच गेला म्हणजे मनात काहीतरी असणारच हो."
"तुम्ही भाजीला एकट्याच जाता ना?" म्हटलं आणि दार लावून घेतलं.
पण डोक्यात तेच चालू आहे. वाढदिवसाला केक अर्धाच खाल्ला — तेव्हा? विमानतळावर मिठी जरा लांबली — तेव्हा? कुठल्या दिवशी माझं लक्ष नव्हतं?

२६ मे
हे विहारात विचारून आले. पुण्यानुमोदनाला माझी ना नाही ना, म्हणाले. माझी ना आहे. त्याने आम्हाला का सोडलं ते कळल्याशिवाय मी हात जोडणार नाही.

२७ मे
काही नाही.

९ जून
सकाळी दूतावासातून फोन. धम्मदीप सापडला. पाण्यात नाही. टेकडीच्या उतारावर — वाळूची कड अंगावर कोसळली होती. वाऱ्याने आता ती वाळू सरकली, तेव्हा दिसला. बूट-सॅक खाली ठेवून अनवाणीच वर चढला असणार; अपघात, असं स्पष्ट म्हणाले.
मी त्याच्यावरूनच चालले असेन.
हे आतल्या खोलीत मोठ्याने रडतायत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.
सोडून गेला नव्हता. माझं पोर परत येणार होतं.