खलनायकाची मुलगी

२ सप्टेंबर
कोल्हापुरात पोचलो. चाळीस वर्षं पडद्यावर दुष्ट पाटील रंगवणाऱ्या बाळासोंचं चरित्र लिहायचं, त्यातलं एक प्रकरण आधी दिवाळी अंकाला द्यायचं आणि तोवर शिवाजी पेठेतल्या त्यांच्याच घरी माडीवर राहायचं. समोर तालीम, खाली फुटबॉलवरून भांडणारी पोरं. खलनायकाच्या पत्नी तानाबाई यांनी पांढरा रस्सा वाढतानाच बजावलं की पावणं, लाजत जेवणाऱ्याला आमच्यात आजारी समजत्यात. मी ठणठणीत असल्याचं तीन वाट्या रिचवून सिद्ध केलं.

९ सप्टेंबर
पंचाईत आहे. नट भलताच सुखी निघाला. दारू नाही, भानगड नाही, कुणी बुडवलं नाही. रोज कुंड्यांना पाणी घालतो. मूलबाळ नाही, पण तो विषय काढला की दोघंही कुंड्यांकडे बघतात. असा माणूस शेजारी म्हणून उत्तम, चरित्रनायक म्हणून निकामी. वाचकाला तिसऱ्या पानावर रडायला काहीतरी लागतंच. नसेल तिथं मी पुरवतो. धंदाच आहे.

१४ सप्टेंबर
पुरवलं. सहा वर्षांची मोना, तापानं गेली. बाप तेव्हा पन्हाळ्यावर शूटिंगमध्ये राक्षसी हसत होता. बाबा कुठायत, हे तिचे शेवटचे शब्द. दोघांना वाचून दाखवलं. मनात म्हटलं, शिव्या घातल्या तर खोडू. बाळासोंनी कुंड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, असू द्या. तानाबाईंनी एवढंच विचारलं, की फ्रॉक कंच्या रंगाचा हुता. पिवळा, म्हटलं. लेख पाठवून दिला.

२१ सप्टेंबर
तानाबाई शेजारणीला मोनाच्या खोड्या सांगत होत्या. मी न लिहिलेल्या, लोकांच्या खिशात चिंचोके टाकण्याच्या वगैरे. गच्चीत दोरीवर पिवळा फ्रॉक वाळत होता. बिचारी बाई, म्हणून हसलो. खिशात हात घातला तर भिजलेले चिंचोके.

४ ऑक्टोबर
ती आहे. जेवायला माझ्यासमोर बसली, तिखट लागलं म्हणून माझंच पाणी प्यायली. बाळासो तिला पाटलाचं हसू करून दाखवतात, ती खिदळते. मी पळून जायला हवं. पण तानाबाई तिची वेणी घालत होत्या, तोंडातल्या तोंडात गात होत्या. ही बाई गाते, हे मला महिनाभरात कळलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर
अंक बाजारात आला. दुपारी एका वाचकाचा फोन, वाचून रडलो म्हणाला. तेवढ्यात खालून तानाबाईंची किंकाळी. मोना तापानं फणफणलेली. बाळासो घरात नाहीत. बाबा कुठायत, म्हणाली आणि संपलं. ते सांजेला वडापच्या जीपनं आले, घसा बसलेला. कुंड्यांना पाणी घालत हुतो, म्हणाले, आणि एकदम पन्हाळ्यावर उभा. हसतोय. थांबताच येईना.

२५ ऑक्टोबर
सकाळी मोना चहात बटर बुडवून खात होती. मग आणखी एका वाचकाचा फोन आला. पुन्हा ताप.

२७ ऑक्टोबर
कुणी वाचतं, ती मरते. बाळासोंनी तिचा हात धरून स्वतःला खाटेला बांधून घेतलं. दोरीच्या गाठी तशाच — माणूस पन्हाळ्यावर. संपादकांना विनवलं, अंक मागे घ्या. ते खूश. दुसरी आवृत्ती काढतायत.

२९ ऑक्टोबर
नवं लिहिलं — त्यात मोना बरी होते. संपादक म्हणाले, बऱ्या झालेल्या पोरीचं वाचतंय कोण? खुलासा मात्र छापतील. अशी मुलगी नव्हतीच, लेखकानं रचली. तो लोक चवीनं वाचतात.

३० ऑक्टोबर
खुलासा लिहिला. बाळासो बसक्या आवाजात म्हणाले, धाडा, सुटंल पोरगी. तानाबाईंनी माझे पाय धरले. मरू दे पावणं, रोज मरू दे, मांडीवर तर असती. पर न्हवतीच म्हणू नगासा.

३१ ऑक्टोबर
खुलासा फोनवर तयार, बोट पाठवायच्या बटणावर. बाळासो आत्ता इथं होते — खुर्ची रिकामी. मोना तापलीय. तानाबाई आज रडत नाहीत, माझ्या बोटाकडं बघतायत. मोनानं डोळे उघडले — आता बापाचं विचारील, तेच लिहिलंय मी — नाही, माझ्याकडं बघतेय — काका, म्हणते, मी आहे ना —