चार किलोमीटर पुढे

९ फेब्रुवारी

ताई,

वाकून नमस्कार, कंबर दुखत असली तरी. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. फोन असताना पत्र कशाला, म्हणून बायको हसली. तू फोनवर नुसती ओरडतेस आणि पत्रात नीट बोलतेस, हे तिला कुठे ठाऊक! आम्ही बरे आहोत. माझी साखर ताब्यात आहे, जीभ नाही. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढत बसू नकोस.

तू लिहिलंस की महामार्ग सहापदरी होतोय, गावाजवळ एक्झिट काढायचं घाटतंय आणि तुझं घर त्यात जातंय. खरं आहे. मला महिन्यापूर्वीच कळलं होतं. रस्ते कार्यालयातल्या नव्या इंजिनिअर बाईंनी मला बोलावलं होतं. जुने नकाशे कुणाला लागेनात, तेव्हा रिटायर्ड सर्व्हेअरची आठवण झाली. बंदरापासून डोंगरापलीकडच्या कारखान्यांपर्यंत एकशे बारा किलोमीटरचा नकाशा भिंतभर लावलाय. दोन्ही बाजूंनी सर्व्हिस रोड, गाड्या चार्ज करायच्या जागा, सगळं रंगीत. एकतीस वर्षांपूर्वी आम्ही चार पदर आखले तेव्हा वाटलं होतं, पन्नास वर्षं बघायला नको. पंधरा वर्षांत रस्ता भरला.

बाईंनी माझी जुनी वही पुढे ठेवली. "काका, काय अक्षर आहे हो तुमचं! पण एक सांगा, गाव इथे, जुना रस्ता इथे, मग एक्झिट चार किलोमीटर पुढे, रानात का काढली?"

मी म्हणालो, "लिहिलंय की त्यात. माती खराब."

"मग तसं सही करून द्या. आम्ही पुन्हा खणत बसत नाही, एक्झिट आहे तिथेच ठेवू."

मी चहा अर्धा टाकून उठलो. सही केली नाही.

तू हरकतीचा अर्ज लिहून मागितलास. वर लिहिलंस, 'तुझ्या हातच्या अर्जांना यश नाही, पण मला दुसरं आहे कोण?' तू चेष्टेने लिहिलंस. मला चार दिवस जेवण गेलं नाही.

भाऊजींचं गॅरेज आठव. महामार्ग येणार म्हणून त्यांनी ट्रकखाली उतरून काम करायला दोन लांबलचक खड्डे बांधून घेतले, आणि पाटीवर 'एक्झिटपासून दोन मिनिटं' असं आधीच रंगवलं. रस्ता झाला आणि गाव बाजूला पडलं. ट्रक वरून जायचे, खाली आवाज तेवढा यायचा. मग भाऊजी दर वर्षी एक्झिटसाठी अर्ज करायला लागले. मजकूर ते सांगायचे, लिहायचो मी, तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. असे अकरा अर्ज. तू दर वेळी आधी मला जेवायला वाढायचीस.

ते अर्ज फिरत फिरत कार्यालयात माझ्याच टेबलावर यायचे, ताई. माझंच अक्षर माझ्यासमोर. त्याखाली मीच शेरा मारायचो: 'जमीन अयोग्य. विनंती अमान्य.'

माती खराब नव्हती. आम्ही पाच ठिकाणी खणलं आणि पाचही ठिकाणी घट्ट मुरूम लागला, पहार वाकेल असा. पण मूळ नकाशात एक्झिटची रेघ तुझ्या घरावरून जात होती. घर बांधून दोन वर्षंही झाली नव्हती तुम्हाला. मी वहीत लिहिलं, 'मऊ चिकणमाती, भराव खचेल.' साहेबांनी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि रेघ पुढे सरकवली. मला वाटलं, चार किलोमीटर ते काय, लोक वळून येतील. कुणी वळलं नाही. इतरांना नाही तरी मला हे कळायला हवं होतं, रस्ते तर मीच आखत होतो.

भाऊजी गॅरेजला कुलूप लावून दुसऱ्याच्या डेपोत कामाला लागले, त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. बाकीची कारणं मी नंतर शोधली. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं, "आपल्या अर्जात काय कमी पडत होतं रे?" मी म्हणालो, "काही नाही भाऊजी, सरकारी काम, दुसरं काय." त्यांनी मान डोलावली. मला लाज वाटते, ताई. त्या दिवसापासून रोज वाटते.

आता नीट ऐक. मी पुन्हा तेच खोटं लिहून दिलं तर तुझं घर वाचेल. खरं सांगितलं तर घर जाईल, आणि भाऊजींनी मागितलेली एक्झिट गावाला मिळेल. गॅरेजची जागा तू अजून विकलेली नाहीस, याचा अर्थ काय लावायचा ते मला कळत नाही. मागच्या वेळी मी तुझ्यासाठी परस्पर ठरवून मोकळा झालो. या वेळी विचारतोय.

सोबत दोन कागद आहेत. एक तुझा हरकतीचा अर्ज, त्याला माती खराब असल्याचा माझा दाखला जोडलाय. दुसरा माझा कबुलीजबाब. दोन्हींवर मी सही केली आहे. एक दे, एक फाड. माझं काय होईल याचा विचार करू नकोस. तो मी एकतीस वर्षं पुरेसा केला.

सुनावणी एकवीस तारखेला आहे. मी येणार. जवळ बसवलंस तर शेजारी बसेन, नाहीतर मागच्या बाकावर.

माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. पण मागतो आहे.

दर पत्राखाली 'तुझा लाडका' लिहितो. आज नुसतं,

तुझा भाऊ