पारेने मला ताई म्हटलं

३ फेब्रुवारी
एर्नेस्टीन पारे आज मला "तिपोकोताई" म्हणाली! चारचौघांत, माझ्याच दारूच्या भट्टीवर! "ताई, बऱ्या आहात ना?" — वर अहो-जाहो!

अकरा वर्षं शेजारी राहते. रोज सकाळी कुंपणावरून हाक — "ए बटके, उठलीस का?" मी म्हणायची, "उठले. तुझं कुत्र्याचं डोकं शिजलं का?" ती सामो जमातीची, आम्ही मोसी. दोन्ही जमातींनी एकमेकींना थट्टेनं शिव्या घालायच्या, हे पणजोबांपासून चालत आलंय. जो रागावला तो हरला. आणि आज एकदम परकी केलं मला! काय घोडं मारलं मी तिचं?

५ फेब्रुवारी
पुन्हा तेच. "ताई, किती करता हो आईचं." मी मुद्दाम ओरडले, "चल निघ, कुत्रेखाऊ!" हसली नाही. मान खाली. रोजचं गिऱ्हाईक म्हातारा नोआगा विचारतो, "भांडलात का गं?" भांडलो असतो तर बरं!

८ फेब्रुवारी
आई भट्टीमागच्या खोलीत खाटेवर पडून आहे, तीन दिवस जेवली नाही. जीभ मात्र धडधाकट. पेज भरवली तर म्हणे, "पाणचट! तुझ्या हाताला कधी चव नव्हतीच." पन्नाशी आली माझी. विधवा होऊन हिच्या घरी परत आले, हिचं सगळं करते — एक गोड शब्द नाही!

दुपारी पारे तिच्या खाटेशी बसली होती. मी आत गेले तशा दोघी गप्प. माझ्याच घरात!

११ फेब्रुवारी
"ताई, आजची दारू छान उतरलीय." रांजण घालावा वाटला डोक्यात.

१४ फेब्रुवारी
आई आता राहत नाही. मला एकच धास्ती. आमच्यात रीतच आहे, मातीच्या वेळी सामो माणसानं यायचं, मेलेल्याची नक्कल करायची, खड्ड्यात आडवं पडायचं, कोंबडी मिळाल्याशिवाय उठायचं नाही. लोक हसले पाहिजेत. आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या मातीला हे पाहिलं. तिला मुकाट्यानं कशी पुरू?

कुंपणाशी जाऊन पारेला विचारलं. म्हणाली, "मी आहे ना, ताई." ताई! ही तिथे हात जोडून उभी राहणार. माझ्या आईची शोभा करणार!

१७ फेब्रुवारी
आई पहाटे गेली.

माती दुपारी. पारेचा पत्ता नाही. मी दातओठ खात उभी. तेवढ्यात मागून — "रांजण उघडा कुणी ठेवला? माशा काय तुझ्या बापाला विकायच्यात?" हुबेहूब आई! आईचं निळं लुगडं, आईची काठी, कंबरेत वाकलेली. पारे! सगळ्यांना शिव्या घालत खड्ड्यात उतरली, आडवी पडली. "मला मऊ अंथरूण हवं! या पोरीला काही जमत नाही!" लोक पोट धरून हसले. एका कोंबडीवर ऐकेना, दोन घेतल्या चोरटीनं.

आई नीट गेली. पण माझा राग गेलेला नाही. हे जमत होतं, तर दोन आठवडे माझा अपमान का?

१८ फेब्रुवारी
सकाळी कुंपणावरून — "ए बटके, उठलीस का?"

मी धावले. विचारलं तोंडावर. म्हणाली, "म्हातारीनं शपथ घातली होती. म्हणे, माझी जीभ वळत नाही. मी आहे तोवर तू पोरीशी गोड बोल. मी खाटेवरून ऐकते."